गारपीट, करार आणि आमचे साडेनऊ टन

नोटीस आली तेव्हा मी नाशिकच्या अंबडला कंपनीत सेकंड शिफ्टला होतो. नानांचा फोन आला, आवाज एकदम बारीक, म्हणे पोस्टमन रजिस्टर एडी देऊन गेलाय, वकिलाचा कागद दिसतोय, तू उद्या ये. नानांनी आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढलेली नाही, त्यामुळे त्या एका लिफाफ्याने घरात सुतक आल्यासारखं झालं होतं. आईने तर तो देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवला होता.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, थॉमसन जातीचा दीड एकराचा प्लॉट. २०२३ ला सप्टेंबरच्या शेवटी गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली आणि लगेच ओळखीच्या एका पॅकहाऊसवाल्या (माल निवडून पॅक करून पाठवणाऱ्या) शेठबरोबर एक्सपोर्टचा करार केला. शंभरच्या स्टॅम्पवर, अंदाजे १२ टन माल, आणि औषधपाण्याला उपयोगी पडतील म्हणून दोन लाख रुपये इसार त्यांनी दिला. सिक्युरिटी म्हणून नानांची सही केलेला एक कोरा चेक घेतला. करार मी वाचला नव्हता, नानांनी वाचला पण चष्मा घरी होता, म्हणजे कुणीच वाचला नव्हता.

२६ नोव्हेंबरचा रविवार होता. मणी हरभऱ्याएवढे झालेले, घड मोजून ठेवलेले, दुसरं डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, उरकलेलं. दुपारनंतर आभाळ काळंनिळं झालं आणि गार सुरू झाली. ज्यांनी बागेवर गार पाहिली आहे त्यांना सांगायला नको, ज्यांनी नाही पाहिली त्यांना सांगून कळणार नाही. पत्र्यावर इतका आवाज होता की शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं, आणि ती थांबल्यावर जी शांतता झाली ती मला जास्त आठवते, नाना बॅटरी घेऊन ओळींमधून चालत होते आणि पायाखाली बर्फ आणि हिरवे मणी एकत्र चुरडल्याचा आवाज येत होता. काड्या मोडलेल्या, पानांच्या चिंध्या, घड अर्धे खाली. मी त्याच रात्री मोबाईलवर वीस-बावीस फोटो आणि दोन व्हिडिओ काढून शेठला व्हॉट्सअॅप केले, खाली लिहिलं की शेठ बाग गेली. त्यांचा हात जोडलेला इमोजी आला. हा मेसेज पुढे आमच्या किती कामाला येणार आहे ते तेव्हा डोक्यातही नव्हतं, मी फक्त दुःख सांगत होतो.

पंचनामा झाला. तलाठी भाऊसाहेब, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं आले, बांधावरून पाहिलं, आत येऊन पाहिलं, सह्या झाल्या. विम्यात गारपिटीचं जे जादा संरक्षण असतं ते आम्ही घेतलेलं नव्हतं, त्यामुळे ७२ तासांत कळवायची धावपळ आमच्या वाट्याला आलीच नाही. फेब्रुवारीत उरलेला अडीच टन माल निघाला. शेठचा माणूस येऊन पाहून गेला, म्हणाला मण्यांवर गारेचे डाग आहेत, एक्सपोर्टला चालणार नाही, तुमचं तुम्ही बघा. आम्ही तो लोकल व्यापाऱ्याला ३४ रुपये किलोने दिला आणि वर्ष संपलं असं समजलो.

आणि मग मार्चमध्ये ही नोटीस. त्यात लिहिलेलं की १२ टन माल न दिल्यामुळे कराराप्रमाणे किलोला २० रुपये नुकसानभरपाई म्हणजे २ लाख ४० हजार, अधिक इसाराचे २ लाख, अधिक १८ टक्क्यांनी व्याज, १५ दिवसांत भरा नाहीतर दिवाणी दावा करू आणि चेकही बँकेत टाकू. शिवाय आम्ही चांगला माल जास्त भाव मिळतोय म्हणून दुसऱ्याला विकला असाही आरोप. नानांना पैशांपेक्षा तेच वाक्य जास्त लागलं. ते दिवसभर एकच म्हणत होते, अरे देवाने नेलं, त्याला मी काय करणार, मी काय चोरी केली का.

गावात ज्याला विचारावं तो सांगायचा की नैसर्गिक आपत्ती आहे, काही भरायला लागत नाही, कायदाच आहे तसा. मीही तेच धरून चाललो होतो. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या जवळच एका वकील मॅडमचं ऑफिस आहे, कंपनीतल्या मित्राने नाव सुचवलं, मी आणि नाना गेलो आणि खुर्चीत बसल्या बसल्या मी तेच वाक्य म्हटलं, मॅडम, नैसर्गिक आपत्ती आहे. त्यांनी नोटीस बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, करार दाखवा. मी पुन्हा गारपिटीचं सांगायला लागलो तर त्या शांतपणे म्हणाल्या, काका, गार पडली हे मला माहीत आहे, मी पण नाशिकचीच आहे, पण गारपिटीने करार आपोआप संपत नाही, करारात तुम्ही नेमकं काय कबूल केलं होतं त्यावर ठरतं.

मग त्यांनी तो दोन पानी करार अर्धा तास वाचला, आम्ही दोघं समोर बसून. मला वाटलं होतं त्या सगळ्यात आधी आपत्तीचं कलम शोधतील, पण त्यांनी आधी शोधलं ते मालाचं वर्णन. त्यात लिहिलं होतं, गट नंबर अमुक, द्राक्षबाग नोंदणी क्रमांक अमुक, या बागेतील थॉमसन, अंदाजे १२ टन. एक्सपोर्टच्या बागेची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नोंदणी करावी लागते, तो नंबर शेठने स्वतःच्या सोयीसाठी टाकलेला, रेसिड्यूच्या, म्हणजे औषधाचा अंश तपासल्याच्या, कागदाला जुळावा म्हणून. मॅडम म्हणाल्या, काका, हा नंबर तुम्हाला वाचवेल. मला काही कळेना.

त्यांनी समजावलं ते असं. समजा करारात नुसतं लिहिलं असतं की १२ टन थॉमसन द्राक्षं पुरवीन, तर आमची बाग गेली तरी बाजारात थॉमसन आहेच, सांगलीहून आणा, बारामतीकडून आणा, महाग पडलं तर तो तुमचा तोटा, काम अवघड झालं म्हणजे अशक्य झालं असं होत नाही. पण जेव्हा कबूल केलेला माल हा याच जमिनीतला असतो आणि त्या जमिनीतलं पीकच जातं, तेव्हा ते खरोखर अशक्य होतं. यावर इंग्लंडमधला १८७६ चा एक खटला आहे, हॉवेल विरुद्ध कूपलंड, शेतकऱ्याने आपल्या ठरावीक जमिनीतले २०० टन बटाटे द्यायचं कबूल केलं, रोग पडला, निघाले साधारण ८० टन, ते त्याने दिले, आणि बाकीच्यासाठी कोर्टाने त्याला जबाबदार धरलं नाही. नाना इतका वेळ मान खाली घालून बसले होते, हे ऐकून वर बघितलं आणि विचारलं, बटाट्याला काय, करपा आला होता का. मॅडम म्हणाल्या, तसंच काहीतरी. त्या दिवशी पहिल्यांदा नानांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला, दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी शेतकऱ्याची हीच गत झालेली ऐकून.

आपल्याकडे हा विषय भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५६ मध्ये आहे, करार झाल्यानंतर ते काम करणं अशक्य झालं तर करार रद्द होतो. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये रिपोर्ट झालेल्या सत्यब्रत घोष खटल्यात सांगितलं की अशक्य म्हणजे शब्दशः अशक्यच असं नाही, ज्या पायावर दोघांनी व्यवहार केला तो पायाच निखळला तरी चालतं. पण त्याच खटल्यात, कलकत्त्याजवळच्या प्लॉटच्या व्यवहारात, युद्धाच्या काळात सरकारने जमीन ताब्यात घेतली म्हणून करार संपला हे मात्र कोर्टाने मानलं नाही, कारण तो उशीर होता, शेवट नव्हता. हे मॅडमनी मुद्दाम सांगितलं, म्हणाल्या लोक अर्धंच ऐकतात.

दुसरा मुद्दा आपत्तीच्या कलमाचा, ज्याला फोर्स मेजर म्हणतात. आमच्या करारात होतं, युद्ध, दंगल, संप, भूकंप, महापूर, सरकारी बंदी व तत्सम कारणाने पुरवठा न झाल्यास कोणताही पक्ष जबाबदार राहणार नाही, मात्र घटनेपासून ७ दिवसांत लेखी कळवणे बंधनकारक. म्हणजे द्राक्षाचा करार, निफाडमध्ये केलेला, आणि त्यात गारपीट हा शब्द नाही! कुठल्या तरी कंपनीच्या कागदावरून उतरवलेलं असणार. समोरच्या वकिलाचं म्हणणं, गारपीट यादीत नाही, विषय संपला. मॅडमचं म्हणणं, तत्सम म्हणजे त्याच जातीचं, भूकंप आणि महापुराच्या जातीत गारपीट बसते, आणि समजा नाही बसली तरी मग कलम ५६ मोकळं आहे. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात सुप्रीम कोर्टाने हे नीट मांडलंय, करारातच सोय लिहिलेली असेल तर ती कलम ३२ खाली बघायची आणि लिहिलेली नसेल तर ५६ खाली. त्याच निकालात हेही आहे की परदेशातून येणारा कोळसा महाग झाला एवढ्यावर वीज कंपन्यांना सुटका मिळाली नाही. म्हणजे भाव चढला, खर्च वाढला, हे कारण चालत नाही, आणि म्हणूनच शेठच्या नोटिशीतला तो आरोप, की भाव मिळतो म्हणून माल दुसऱ्याला दिला, तो इतका महत्त्वाचा होता, तो खरा ठरला असता तर गारपिटीचा आधार त्या मालापुरता गेलाच असता.

आता सात दिवसांत लेखी कळवण्याचं. इथे माझा तो रात्रीचा मेसेज. मॅडमनी फोन हातात घेऊन तारीख, वेळ, दोन निळ्या टिक आणि तो हात जोडलेला इमोजी बघितला आणि म्हणाल्या, हे डिलीट करू नका, फोन बदलू नका, फॉरमॅट तर अजिबात मारू नका. कोर्टात द्यायचं तर त्यासोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं ६५ ब चं प्रमाणपत्र लागतं (१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यातही प्रमाणपत्र आहेच). पुढचा सव्वा महिना मी तो फोन अक्षरशः जपला, कंपनीत लॉकरमध्ये ठेवून जायचो.

पंचनाम्याच्या नकलेसाठी तहसीलला तीन चकरा झाल्या. मिळाली तेव्हा त्यात लिहिलेलं, नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा जास्त. सरकारी मदतीसाठी तेवढंच पुरतं, ३३ च्या वर गेलं की तुम्ही पात्र. पण आमच्यासाठी प्रश्न होता की नक्की किती गेलं, कारण ३४ टक्के गेलं असेल तर बाकीचे आठ टन कुठे आहेत असं कुणीही विचारेल. नशिबाने कृषी सहायकांच्या पाहणीच्या कागदावर ओळीवार अंदाज होता, आणि लोकल व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पावत्या आईने डब्यात ठेवलेल्या, त्या मिळून अडीच टनाचा हिशोब लागला. म्हणजे गेले साडेनऊ. माझी कळकळीची विनंती आहे, पंचनाम्याच्या वेळी बागेत स्वतः उभे राहा आणि टक्का लिहून घ्या, नुसतं ३३ च्या वर असं लिहिलेलं सरकारला चालतं, व्यापाऱ्याशी वाद झाला तर चालत नाही.

मॅडमनी नोटिशीला उत्तर पाठवलं, त्यावर समोरून उत्तर आलं ते मात्र विचार करायला लावणारं होतं. त्यांनी लिहिलं की निफाडमध्ये गारपीट ही अनपेक्षित गोष्टच नाही, २०१४ ला फेब्रुवारी-मार्चमध्ये केवढी झाली होती, द्राक्ष उत्पादकाला हा धोका माहीत असतोच, त्याने प्लास्टिकचं आच्छादन टाकायला हवं होतं, नाही टाकलं तर तो निष्काळजीपणा. मी वाचून चिडलो, मॅडम चिडल्या नाहीत, म्हणाल्या हा त्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. त्यांनी गोदावरीचं उदाहरण दिलं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, हे नाशिककर दर पावसाळ्यात बोलतो. २००८ च्या पुरानंतर तर निळी आणि लाल पूररेषा आखली गेली, निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. आता कुणी निळ्या रेषेच्या आत नदीला लागून गोदाम घेतलं, लोकांचा माल ठेवायला घेतला, जमिनीवरच रचला, धरणातून पाणी सोडणार हे कळूनही हलवला नाही, आणि मग म्हणाला देवाची करणी, तर त्याचं कोण ऐकणार. तिथे पाणी निसर्गाचं पण नुकसान निष्काळजीपणाचं. कलम ५६ मध्येच आहे की काम अशक्य आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होतं किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळलं असतं आणि समोरच्याला माहीत नव्हतं, तर भरपाई द्यावी लागते.

मग आमचं काय, मी विचारलं. तर म्हणाल्या, समोरच्याला माहीत नव्हतं, हे शब्द बघा. शेठ काय लंडनहून आले आहेत का, त्यांचं पॅकहाऊस याच तालुक्यात, गारपीट काय असते ते त्यांना तुमच्याइतकंच माहीत, आच्छादन नाही हे करार करताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, करारात आच्छादनाची अट त्यांनी टाकली नाही आणि भावही त्यासाठी वाढवून दिला नाही. धोका दोघांनी बघून सौदा केलाय. आणि गारपीट कधीतरी होते हे माहीत असणं वेगळं, आणि ती या तारखेला याच दीड एकरावर पडणार हे माहीत असणं वेगळं. आच्छादनाला एकरी लाखांत खर्च जातो, ज्याला औषधासाठी इसार लागतो त्याच्याकडून ती अपेक्षा वाजवी आहे का, हे कोर्ट बघेल.

मग आल्या त्या गोष्टी ज्या आम्हाला नको होत्या. मी विचारलं, म्हणजे आपण जिंकलो ना, काही द्यायचं नाही. मॅडम म्हणाल्या, इसार द्यावाच लागेल. कलम ६५, करार रद्द झाला की ज्याच्याकडे त्यापोटी काही आलंय त्याने ते परत करायचं. दोन लाख खर्च झाले, औषधात गेले, बागेत गेले, ते सगळं खरं, पण ते शेठचे होते. मी वाद घालायला लागलो तर नानांनीच मला थांबवलं, म्हणाले, बाळा, माल नाही दिला तर पैसे कसे ठेवायचे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मी फक्त चोर नाही एवढं लिहून पाहिजे.

दुसरी गोष्ट त्या अडीच टनाची. मॅडमनी विचारलं, उरलेला माल तुम्ही आधी शेठला देऊ केला होता का. हो, त्यांचा माणूस आला होता, नको म्हणाला. लेखी? नाही. मेसेज? नाही. फोन केला होता, रेकॉर्डिंग नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बटाट्याच्या खटल्यातही शेतकऱ्याने जे निघालं ते दिलं होतं, गारपिटीने साडेनऊ टन माफ होतात, शिल्लक राहिलेला माल नाही, त्याची जबाबदारी तशीच राहते. एक ओळीचा मेसेज, की शेठ अडीच टन आहे, दोन दिवसांत सांगा, एवढा टाकला असता तर हा मुद्दाच राहिला नसता. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण हे आकाशातून पडलेलं नव्हतं, हे माझं राहिलं होतं.

दावा दाखल व्हायच्या आधीच प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं. तिथे शेठ स्वतः आले होते, नानांना बघून नमस्कार केला, नानांनीही केला. त्यांची बाजूही मला तिथेच कळली, त्यांनी पुढे परदेशातल्या खरेदीदाराला शब्द दिलेला, कंटेनर भरायला बाहेरून महाग माल घेतला, त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला होता. करारात २० रुपये किलो लिहिलंय एवढ्यावर तेवढे मिळतातच असं नाही, कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी असेल तेवढं, हे १९६३ च्या फत्तेचंद निकालापासून चालत आलंय, ते पॅनलवरच्या साहेबांनी दोघांनाही समजावलं. शेवटी ठरलं ते असं: इसाराचे दोन लाख तीन हप्त्यांत, बिनव्याजी. साडेनऊ टनाची मागणी पूर्ण सोडली. अडीच टनापोटी ५० हजार बसत होते, तिथे ३० हजार. कोरा चेक तिथल्या तिथे परत. आणि नानांच्या सांगण्यावरून एक ओळ, की गारपिटीमुळे माल देता आला नाही याबाबत दोन्ही पक्षांत वाद नाही. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, त्यामुळे ती ओळ आता कायमची झाली. नानांनी त्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली आहे.

शेवटचा हप्ता दसऱ्याच्या आधी गेला. तो द्यायला मी पॅकहाऊसवर गेलो तर शेठ म्हणाले, नानांना विचारा, यंदा करार करायचा का, कागद या वेळी तुम्हीच लिहा. मला राग यायला हवा होता, पण नाना दोन मिनिटांत हो म्हणाले. मग रात्री आम्ही दोघं बसलो, नानांनी चष्मा लावला, मी लॅपटॉपवर टाईप केलं. गारपीट, अवकाळी पाऊस, अतिवृष्टी, वादळ, हे सगळे शब्द नावानिशी. गट नंबर आणि नोंदणी क्रमांक. व्हॉट्सअॅप म्हणजे लेखी धरायचं. नुकसान झाल्यावर दोघांनी मिळून बागेत पाहणी करायची आणि टक्का तिथेच लिहायचा, ४८ तासांत. उरलेला माल आधी त्यांना विचारायचा, दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर आम्ही मोकळे. इसार परत करायची वेळ आली तर हप्ते किती तेही.

शेठने पूर्ण वाचलं आणि एकच बदल मागितला, पाहणीला ४८ ऐवजी ७२ तास द्या, कारण गार पडली की त्यांना एकाच वेळी वीस-वीस बागा बघायला पळावं लागतं. ते पटण्यासारखं होतं, तसं लिहिलं.